आकडे गातात कधी आणि नुसते वाजतात कधी

प्रश्न थोडक्यात असा: “मला पायथॉन बऱ्यापैकी येतं, संगीत शिकलेलो नाही. खिडकीबाहेरच्या सेन्सरने वर्षभर दर तासाला नोंदवलेलं तापमान घेतलं, प्रत्येक आकड्याला एक सूर दिला आणि मिडी फाइल (कोणता सूर कधी वाजवायचा याची संगणकाला दिलेली यादी) बनवली. ऐकताना पेटीवर मांजर चालल्यासारखं वाटतं. पाच सुरांच्या स्केलमध्ये बसवलं तर गोड लागतं, पण तापमानाचं काहीच कळत नाही. चूक कुठे होतेय? शिवाय रेकॉर्ड केलेल्या आवाजांपासूनही संगीत करायचं आहे. संगीताचं शास्त्र शिकावं लागेल का, आणि कोणती भाषा धरू?”

“गोड लागतं, पण तापमानाचं काहीच कळत नाही” हे तुमचं वाक्य उत्तराच्या अगदी जवळ पोचलेलं आहे. सा रे ग प ध या पाच सुरांत एकमेकांना खेटून बसलेले दोन सूर नाहीतच. त्यामुळे कोणत्याही सुरामागे कोणताही सूर आला तरी कानाला खुपत नाही. फासे टाकून सूर निवडा, गोडच लागेल. तो गोडवा स्केलचा आहे, तुमच्या आकड्यांचा त्याच्याशी संबंध नाही.

म्हणून आधी एक परीक्षा सांगतो. गेली पंधराएक वर्षं माझं प्रत्येक काम मी तिच्यातून काढतो. आकड्यांची यादी घ्या, तिची सरमिसळ करा (पायथॉनमध्ये ते एका ओळीचं काम आहे) आणि तोच प्रोग्रॅम तिच्यावर चालवा. मग खरी आणि सरमिसळ केलेली अशा दोन्ही फायली, कुठली कोणती ते न सांगता, दुसऱ्या कुणाला ऐकवा. फरक ओळखता आला नाही तर तुमच्या संगीतात आकडे नाहीतच, नुसता प्रोग्रॅम वाजतोय. सुरुवातीच्या वर्षांतली माझी बहुतेक कामं या परीक्षेत साफ नापास झाली. त्यातली काही लोकांना फार आवडली होती, ही गोष्ट वेगळी.

आता मांजराकडे वळू. तापमान तासातासाला उड्या मारत नाही. दहा वाजताचा आकडा नऊच्या आकड्याला चिकटूनच असतो. म्हणून सूर सकाळी पायरी पायरी चढतात, रात्री पायरी पायरी उतरतात, आणि हेच ३६५ वेळा होतं. वर्षभराच्या ८,७६० नोंदी सेकंदाला आठ या वेगाने वाजवल्या तरी सव्वाअठरा मिनिटं लागतात. सव्वाअठरा मिनिटं जिना चढ-उतार ऐकायला माणूस थांबणार नाही, आणि त्यात नवल काही नाही. दिवस गरम आणि रात्र थंड ही बातमी तुम्ही ३६५ वेळा सांगताय.

इथे खरी अडचण दिसते. तुम्ही आकड्यांना सूर दिला, पण कानाला कुठला प्रश्न दिला नाही. किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर आठवा. त्यात सूर नाही, स्केल नाही, नुसती टकटक आहे. ती दाट झाली की माणूस मागे सरतो. शस्त्रक्रियेच्या खोलीतला पल्स ऑक्सिमीटर त्याहून सुरेख आहे. ठोका म्हणजे नाडी, आणि ठोक्याचा सूर म्हणजे रक्तातला ऑक्सिजन. ऑक्सिजन घसरला की सूर खाली येतो, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना पडद्याकडे न बघताही ते कळतं. दोन्ही यंत्रांत संगीत जवळजवळ नाही, तरीही आजवर झालेल्या सॉनिफिकेशनमधली, म्हणजे आकडे आवाजातून कळवण्याच्या कामातली, सगळ्यांत यशस्वी उदाहरणं हीच आहेत. कानाने काय ओळखायचं हे तिथे आधी ठरलं होतं. तुमच्या तापमानाचंही आधी ठरवा. ऋतू ऐकू यायला हवेत? दिवस-रात्रीतला फरक? की नेहमीपेक्षा वेगळे गेलेले दिवस? तिन्हींसाठी तीन वेगळे प्रोग्रॅम लागतील.

हे सगळं एका उदाहरणावर नीट दाखवतो, कारण त्यात बहुतेक सगळ्या खाचाखोचा येतात. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. मासिक आकडे कुणालाही उतरवून घेता येतात. सुरुवात दशलक्षात ३१५ भागांच्या आसपास आहे, २०२३ पर्यंत आकडा ४२० ला पोचला. या चढावर दर वर्षी साधारण सहा भागांचा हेलकावा बसतो. मे महिन्यात आकडा शिखरावर असतो. मग उत्तर गोलार्धातली झाडं वाढताना वायू ओढून घेतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तो उतरतो.

नवशिका काय करेल? ३१५ ते ४२० हे १०५ भाग दोन सप्तकांवर, म्हणजे २४ अर्धस्वरांवर पसरेल (पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक अर्धस्वर). एका भागाला पाव अर्धस्वरही मिळत नाही. सहा भागांचा सगळा हेलकावा दीड अर्धस्वरापेक्षा कमी जागेत येतो. मिडीचे सूर पूर्णांकी असतात, तेव्हा गोलाबेरीज झाली की त्या हेलकाव्याचे उरतात दोन सूर, फार तर तीन. पृथ्वीचा श्वास पुसला गेला आणि जागी राहिली एक कंटाळवाणी खडखड. वर पाच सुरांचं स्केल लावलंत तर तीही गेली.

मी आकडे आधी दोन भागांत फोडतो. बारा महिन्यांची सरकती सरासरी काढली की लांबचा चढ मिळतो, आणि मूळ आकड्यातून ती वजा केली की उरतो हेलकावा. चढ मी तानपुऱ्यासारख्या अखंड खर्जाला देतो. तो ११० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ११० कंपनांवर, सुरू होतो आणि न अडखळता २२० पर्यंत सरकतो. हेलकाव्याला खर्जाच्या वर एक अख्खं सप्तक देतो, म्हणजे एका भागाला दोन अर्धस्वर, गोलाबेरीज न करता. सेकंदाला आठ महिने वाजवले की एक वर्ष दीड सेकंदात होतं आणि पासष्ट वर्षं शंभर सेकंदांच्या आत. ऐकताना आधी छातीच्या भात्यासारखी वर-खाली होणारी चाल जाणवते. थोड्या वेळाने लक्षात येतं की खालची जमीनच सरकतेय. पहिल्या दहा वर्षांत खर्ज जेमतेम एक अर्धस्वर चढतो, शेवटच्या दहांत पावणेतीन. ‘वाढीचा वेग वाढला’ हे वाक्य न बोलता कानात शिरतं. आणि सरमिसळ केलेली फाइल लावली की पहिल्या दोन सेकंदांतच भाता फाटतो.

त्या फायलीतली एक जागा मला विशेष आवडते. १९६४ मध्ये पैशांअभावी काही महिने मोजणी बंद पडली होती. मूळ नोंदींत अशा महिन्यांच्या जागी -९९.९९ लिहिलेलं असतं. बरेच जण तिथे आधीच्या-नंतरच्या आकड्यांवरून अंदाजाने भरणी करतात. आलेखासाठी ते ठीक आहे. मी तिथे वरची चाल गप्प ठेवतो, खर्ज तेवढा चालू. अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेरची ती शांतता आहे, पण लय इतकी पक्की झालेली असते की ऐकणारा तिथे दचकतोच. नसलेली नोंद ऐकू येते, हे आलेखात इतक्या ठसक्याने होत नाही.

वर आकड्यांची वाटणी मी ‘अर्धस्वरां’त केली, ‘हर्ट्झ’मध्ये नाही, आणि ते मुद्दाम. कानाला कंपनांमधलं अंतर कळत नाही, गुणोत्तर कळतं. १०० वरून २०० हर्ट्झला गेलात की पूर्ण सप्तक होतं. १,००० वरून १,१०० ला गेलात, म्हणजे वाढ तेवढीच, तर पावणेदोन अर्धस्वरही होत नाहीत. आकडे थेट हर्ट्झला जोडले की खालच्या टोकाला मोठाल्या उड्या आणि वरच्या टोकाला नुसती किरकिर होते. म्हणून आकडा आधी अर्धस्वरांत बदला, मग कंपनांत: मिडीचा ६९ वा सूर ४४० हर्ट्झ, आणि पुढचा प्रत्येक अर्धस्वर म्हणजे २ च्या बाराव्या मुळाने गुणणं. त्या सुरात अपूर्णांक चालतो. मिडी फाइलच हवी असेल तर पिच बेंड (सूर किंचित वर-खाली सरकवणारी मिडीची सूचना) वापरा, त्यात १६,३८४ पायऱ्या असतात.

मुख्य आकडा आवाजाच्या लहान-मोठेपणाला मात्र जोडू नका. त्या बाबतीत कान भलताच ढिला आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की सारख्याच दाबाचा खर्ज आपल्याला मधल्या पट्टीतल्या सुरापेक्षा हळू ऐकू येतो. म्हणजे सूर खाली गेला की तुम्ही न सांगताच तो हळूही होतो. नको असलेलं दुसरं मॅपिंग, म्हणजे आकडा-आवाजाची जोडणी, फुकटात मिळतं, ते निस्तरायला खालच्या सुरांना थोडं बळ द्यावं लागतं.

स्केलबद्दल इतकं वाईट बोललो, तर दुसरी बाजूही सांगतो. चार्ल्स डॉज या संगीतकाराने १९७० मध्ये पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या १९६१ सालच्या नोंदींवरून संगीत केलं. दर तीन तासांना एक, अशा वर्षाच्या २,९२० नोंदी. तो निर्देशांक मुळातच २८ पायऱ्यांचा आहे, आणि डॉजने त्या चार सप्तकांच्या शुद्ध सुरांवर बसवल्या. चार गुणिले सात, अठ्ठावीस. एकाही आकड्याची गोलाबेरीज नाही, एकाही सुरावर दोन आकडे नाहीत. स्केल असं चपखल बसत असेल तर जरूर वापरा. माझा राग आहे तो आकड्यांचे हातपाय कापून त्यांना स्केलच्या पेटीत कोंबण्यावर.

आता या सगळ्याला बगल देणारी एक वाट, जी मला वाटतं तुमच्या फायलीसाठी सगळ्यांत मजेची आहे. संगणकात आवाज म्हणजे तरी काय? आकड्यांची रांग. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० आकडे असतात. मग तुमच्याकडे आकड्यांची रांग आहेच की! तिला सूर देऊच नका, तिलाच आवाज म्हणून वाजवा. याला ऑडिफिकेशन म्हणतात. भूकंपमापक सेकंदाला १०० नोंदी घेत असेल तर त्या ४४,१०० च्या वेगाने वाजवल्या की काळ ४४१ पटींनी आवळतो. एका तासाची जमिनीची थरथर आठ सेकंदांत बसते आणि कानाला कधीच न कळणारे हेलकावे गडगडाट होऊन येतात. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेच्या यंत्रांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर पकडली, तेव्हा तर आवळण्याचीही गरज नव्हती. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळताना आलेला तो संकेत ३५ हर्ट्झवरून २५० पर्यंत सरसर चढला. माणसाच्या कानाच्या टप्प्यातच होता तो, फक्त सेकंदाच्या पाचव्या हिश्शाचा.

तुमचे ८,७६० आकडे ८,००० च्या वेगाने वाजवले तर वर्ष होतं १.१ सेकंदाचं. दिवस म्हणजे २४ आकडे. म्हणून दिवस-रात्रीच्या चक्राचा सूर लागतो ८,००० भागिले २४, म्हणजे ३३३ हर्ट्झ, पेटीच्या मधल्या सप्तकात. तो कोणी बसवला नाही, पृथ्वी फिरतेय म्हणून तो आहे. निरभ्र दिवसांत दुपार आणि पहाट यांत मोठा फरक पडतो, तिथे तो सूर जोरकस होईल. ढगाळ आठवड्यांत फरक कमी, सूर दबेल. आणि सकाळी तापमान झपाट्याने चढतं, संध्याकाळनंतर रेंगाळत उतरतं. वक्र असा तिरका असल्यामुळे मूळ सुराच्या वरच्या सप्तकातला, ६६७ हर्ट्झचा स्वरांशही त्यात मिसळलेला असेल. सुराचा पोत म्हणतो आपण तो हाच. एका सेकंदात वर्षाचा गळा ऐकू येतो.

हे करताना एक काळजी घ्या. ऋतूंचा चढ-उतार या वेगाला ऐकू येत नाही, पण बहुतेक जागा तोच खातो. म्हणून आधी २४ तासांची सरकती सरासरी वजा करा, उरलेलं -०.५ ते ०.५ मध्ये बसवा आणि मग वेव्ह फाइल लिहा. वर्ष एकामागून एक दहा वेळा फिरवून ऐका. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर कुठल्या जागी सूर दबतो ते पाठ होतं.

यातूनच रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा रस्ता फुटतो. आकडा आवाज होऊ शकतो तसा आवाजही मोजता येतो. एफएफटी, म्हणजे आवाजात कुठली कंपनं किती आहेत ते काढणारी गणिती रीत, हे त्याचं नेहमीचं हत्यार आहे, पण एक अडचण आधीच माहीत असू द्या. ४४,१०० च्या वेगाला २,०४८ नमुन्यांची (आकड्यांची) खिडकी, म्हणजे एका वेळी तपासायचा तुकडा, घेतली तर ती ४६ मिलिसेकंदांची होते आणि तिचे खण २१.५ हर्ट्झ रुंद असतात. १०० हर्ट्झजवळ शेजारच्या दोन अर्धस्वरांत सहाच हर्ट्झचं अंतर असतं, ते या खिडकीला दिसणार नाही. खिडकी चौपट केली तर दिसेल, पण तेवढ्यात सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपासचा काळ एकत्र कालवला जातो. वेळ नेमकी हवी की सूर नेमका, एकच मिळेल. गाणाऱ्या माणसाचा सूर काढायचा असेल तर एफएफटीशी झटत न बसता यिन ही पद्धत वापरा. पायथॉनच्या लिब्रोसा या आवाज तपासणाऱ्या लायब्ररीमध्ये ती तयार मिळते.

मला मात्र सुरापेक्षा ‘उजळपणा’ जास्त उपयोगी वाटतो. स्पेक्ट्रल सेंट्रॉइड म्हणजे आवाजाचा वर्णपट कुठल्या कंपनांपाशी तोलला जातो तो बिंदू. तो खाली असेल तर आवाज घुमा, वर असेल तर चकचकीत. एक मिनिटभर पाऊस रेकॉर्ड करा. त्याचे ५० मिलिसेकंदांचे १,२०० कण पाडा, प्रत्येकाचा उजळपणा मोजा आणि त्या क्रमाने लावून पुन्हा वाजवा. कणांच्या कडा गोल करा आणि शेजारचे कण अर्धेअर्धे एकमेकांवर चढवा, नाहीतर प्रत्येक सांध्याला टिचकी ऐकू येईल. अर्ध्या मिनिटात पाऊस दगडावरून पत्र्यावर, पत्र्यावरून काचेवर सरकल्यासारखा वाटतो. खरं तर तो कुठेही सरकलेला नसतो, क्रम बदललाय फक्त. या एका खेळाने मला आवाजाबद्दल जितकं शिकवलं तितकं पुस्तकांनी नाही.

आता तुमचे दोन्ही प्रश्न एकत्र बांधता येतात. तापमानाचा आकडा पियानोच्या सुराला जोडू नका, त्या रांगेतल्या कणाला जोडा. थंड असेल तर घुमा कण, गरम असेल तर चकचकीत. पियानो ऐकला की माणूस गाणं शोधायला लागतो, आणि गाणं सापडलं नाही की त्याला मांजर आठवतं. पावसाच्या कणांकडून गाण्याची अपेक्षा कुणी करत नाही, त्यामुळे बदल ऐकायला कान मोकळा राहतो.

लयीबद्दल थोडं. युक्लिडीय ठेका नावाची युक्ती फार कामाची आहे: अमुक मात्रांत तमुक ठोके शक्य तितके समान पसरायचे. आठ मात्रांत तीन ठोके दिले की ३-३-२ असा ओळखीचा ठेका निघतो. ही रीत मुळात अणुविज्ञानातल्या यंत्रांच्या वेळा जुळवण्यासाठी लिहिली गेली होती, आणि गॉडफ्रीड तुसाँ या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं की जगभरातले कितीतरी पारंपरिक ठेके तिच्यातून निघतात. तुमच्याकडे दिवसाचे २४ तास आहेत, म्हणून २४ मात्रांचं आवर्तन घ्या. त्या दिवशी जितके तास तापमान वर्षाच्या सरासरीच्या वर होतं, तितके ठोके. आठ तास असतील तर दर तिसऱ्या मात्रेला, बारा असतील तर दर दुसऱ्या. सात किंवा अकरा आले की ठेका तिरका चालतो, आणि कानाला तेच आवडतं. थंडीत विरळ, उन्हाळ्यात दाट. सरमिसळीच्या परीक्षेत हे उत्तम टिकतं.

ठेक्यावरून आठवलं. आज पडद्यावर कोड लिहीत थेट संगीत करणारे लोक टायडल किंवा त्याचाच ब्राउझरमधला भाऊ स्ट्रूडल वापरतात. त्यांच्या आटोपशीर लिपीवर बोल प्रोसेसर नावाच्या जुन्या प्रोग्रॅमची छाप आहे. तो बर्नार्ड बेल आणि जेम्स किपन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केला, आणि कशासाठी, तर तबल्यातल्या ‘कायदा’ या रचनाप्रकाराचं व्याकरण संगणकाला समजावून सांगण्यासाठी.

संगीताचं शास्त्र शिकावं लागेल का? स्वरलिपी आली नाही तरी चालेल. पण आकडेवारीला सम नसते. ती कुठेही सुरू होते आणि फाइल संपली की संपते. कुठून उचलायचं, किती वेळ चालवायचं, कुठे थांबायचं हे तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि ते भरपूर ऐकल्याशिवाय येत नाही. सुरुवातीला ऐकणाऱ्याला पट्टी द्या: सगळ्यांत खालचा आकडा, सरासरी आणि सगळ्यांत वरचा, असे तीन आवाज वाजवा, थोडं थांबा, मग सुरू करा. आलेखाला अक्ष लागतो तसा हा कानाचा अक्ष आहे. नव्वद टक्के लोक तो देत नाहीत आणि मग ‘कळलं नाही’ म्हणून ऐकणाऱ्यालाच दोष देतात.

माझा एक फजितीचा प्रसंग सांगतो, म्हणजे तुम्हाला तो टाळता येईल. एका कार्यक्रमात हवामानाचे आकडे थेट येत होते आणि त्यावर फिल्टरचा कटऑफ (आवाजातली कंपनं जिथून छाटली जातात ती सीमा) चालत होता. मध्येच एक सेन्सर बंद पडला आणि त्याने -९९९९ पाठवायला सुरुवात केली. फिल्टरने ऋण कंपन घेतलं, हिशोब फुटला आणि ‘नॅन’, म्हणजे संख्या नसलेली संख्या, बाहेर पडली. प्रतिध्वनीच्या फेऱ्यात नॅन एकदा शिरली की बाहेर येत नाही, कारण तिच्यात काहीही मिळवा, नॅनच मिळते. एक कर्कश फटका बसला आणि पुढची सगळी मिनिटं नि:शब्द गेली. काहींना तो कलेचा भाग वाटला. तेव्हापासून माझा प्रत्येक आकडा आत येताना आणि बाहेर जाताना किमान-कमाल मर्यादेच्या दारातून जातो, आणि शेवटी आवाज ठरावीक पातळीवर जाऊ न देणारा लिमिटर असतोच.

बाकी छोट्या गोष्टी. प्रत्येक सुराच्या सुरुवातीला आणि शेवटी पाच मिलिसेकंदांचा उतार द्या, टिचक्या जातील. थेट वाजवताना पायथॉनच्या ‘स्लीप’वर किंवा ब्राउझरच्या टायमरवर लय सोपवू नका, ती डगमगते. ध्वनियंत्रणेचं स्वत:चं घड्याळ असतं. दर २५ मिलिसेकंदांनी जागं व्हायचं आणि पुढच्या १०० मिलिसेकंदांत वाजणारे सूर त्या घड्याळावर आधीच टांगून ठेवायचे. आणि ब्राउझरमध्ये वापरणाऱ्याने क्लिक केल्याशिवाय आवाज सुरूच होत नाही. त्यात तुमचा कोड चुकलेला नसतो. अर्धा दिवस मी त्यात घालवलाय.

भाषेचं म्हणाल तर सध्या कुठलीच नवी धरू नका. नमपाय (पायथॉनची आकडेमोडीची लायब्ररी) घ्या, आकड्यांची रांग तयार करा, वेव्ह फाइल लिहा, ऐका. मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये बेल लॅब्समध्ये संगणकाकडून सतरा सेकंदांचं संगीत करून घेतलं तेही असंच: आधी सगळे आकडे काढायचे, मग वाजवायचे. थेट वाजवण्याची निकड वाटेल तेव्हा सुपरकोलायडरकडे जा. जेम्स मॅकार्टनी यांनी १९९६ मध्ये केलेली ही भाषा २००२ पासून मुक्त आहे, आणि सॉनिक पाय (कोड लिहून संगीत करायचा, नवशिक्यांना सोपा प्रोग्रॅम) व टायडल दोन्ही आवाजासाठी तिचंच इंजिन वापरतात. तिचं व्याकरण पहिले दोन आठवडे छळेल. कोडपेक्षा तारा जोडणं आवडत असेल तर मिलर पकेट यांचं प्युअर डेटा घ्या, पण मोठं काम झालं की त्या तारांचा गुंता होतो, निदान माझा तरी नेहमी होतो. आठवड्याभरात काहीतरी वाजवून दाखवायचं असेल तर सॉनिक पाय.

आज मात्र ती १.१ सेकंदाची फाइल करा, आणि तिची सरमिसळ केलेली जोडीदारही. पहिलीत ३३३ हर्ट्झचा सूर असेल, दुसरीत नुसता खरखराट. वाजवण्याआधी हेडफोनचा आवाज कमी करा. सरासरी वजा करायची राहिली असेल तर पहिल्याच क्षणी जोरात फटका बसतो.